यंत्राचे दुखणे आणि वहीतला रिकामा रकाना

‘कला शाखेच्या मुलीने यंत्रावर कशाला लिहावे?’ असा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीनेच मला विचारला. वार्षिकांकाला लेख द्यायचा तर स्त्रीजीवन, निसर्ग, आजचा तरुण, फार तर बेकारी, असे कितीतरी विषय आहेत. पंप आणि मोटार यांच्यावर लेख ही काय कल्पना, असे तिचे म्हणणे. तिचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. मी द्वितीय वर्षाला अर्थशास्त्र शिकते. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. परंतु ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्या घरात जेवणाच्या ताटावर कपलिंग, बेअरिंग आणि शाफ्ट यांच्याच गोष्टी होत आल्या आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आमच्या भागातील एका साखर कारखान्यात फिटर आहेत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

एक कबुली आरंभीच देते. अकरावीच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ असा शब्द लिहिला होता. ‘फिटर’ असे लिहायला मला संकोच वाटला. तो रकाना मी भरला खरा, पण खऱ्या अर्थाने रिकामाच ठेवला. आज ज्या विषयावर मला मत मांडायचे आहे तोही अशाच एका रिकाम्या रकान्याचा आहे.

दोन हंगामांपूर्वी अण्णांच्या कारखान्यातील महत्त्वाच्या पंपांवर काडेपेटीएवढ्या डब्या बसल्या. त्या डब्या पंपाचे आणि मोटारीचे कंपन मोजतात, आणि ते आकडे एका संगणकाकडे पाठवतात. संगणक ‘मशीन लर्निंग’ या पद्धतीने शिकलेला असतो. तो आकडे पाहून सांगतो की यंत्र निरोगी आहे, तोल गेला आहे, बेअरिंग खराब झाले आहे, की ‘मिसअलाइनमेंट’ झाले आहे. या गोष्टीविषयी दोन टोकांची मते मी गेली दोन वर्षे ऐकते आहे. एक पक्ष म्हणतो, ‘आता फिटरचे दिवस संपले, डबीला सगळे कळते.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘डबीला काय कळते? गरिबाच्या पोटावर पाय देण्याचा हा धंदा आहे.’ मला वाटते, दोन्ही पक्षांनी मूळ प्रश्न विचारलेलाच नाही. तो प्रश्न असा: यंत्र शिकते असे आपण म्हणतो, तर ते कोणाकडून शिकते?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी मिसअलाइनमेंट म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. मोटार आणि पंप ही दोन स्वतंत्र यंत्रे. दोघांचे शाफ्ट कपलिंगने जोडलेले असतात. हे दोन्ही शाफ्ट एका सरळ रेषेत असले पाहिजेत. एका जुवाला जोडलेल्या बैलांपैकी एक उंच आणि एक बुटका असेल, किंवा एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे ओढत असेल, तर गाडी चालते. परंतु खांदे सोलून निघतात. यंत्राचेही तसेच. दोन शाफ्ट समांतर असूनही एक वर आणि एक खाली असेल तर तो एक दोष. दोघांमध्ये कोन पडला असेल तर तो दुसरा. बहुधा दोन्ही दोष एकत्रच असतात. पंप फिरतो, पाणी येते, कोणाला काही दिसत नाही. पण बेअरिंग तापते, सील गळू लागते, कपलिंगचे रबर झिजून त्याचा काळा भुगा खाली पडतो, आणि ऐन हंगामात एके रात्री यंत्र बंद पडते. गळीत चालू असताना बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडणे म्हणजे काय, हे उसाच्या भरल्या ट्रॉल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारावे.

हा दोष किती सूक्ष्म असतो याची मला कल्पना नव्हती. अण्णा डायल गेज लावतात. त्याच्या तबकडीवरचा एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मोटारीच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या घालत आणि काढत ते दोन्ही शाफ्ट चार-पाच शतांशांच्या आत आणतात. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे पाच ते दहा शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे शेकडो किलोचे लोखंड हा माणूस केसाच्या जाडीत बसवतो! आणि अशा माणसाचा व्यवसाय लिहिताना मला लाज वाटली होती.

यंत्र चालू असताना मात्र डायल लावता येत नाही. तेव्हा अण्णा लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर ठेवतात आणि मूठ कानाला लावतात. डबीही तेच करते, फक्त ती आकड्यांत ऐकते. यंत्राचा आवाज म्हणजे अनेक कंपनांची सरमिसळ असते. अशी सरमिसळ साध्या लहरींमध्ये वेगळी करता येते हा विचार फ्रान्सच्या जोसेफ फूरिये याने १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथात मांडला. तिचे गणित संगणकाला झटपट करता यावे अशी युक्ती कूली आणि ट्यूकी या दोघांनी १९६५ मध्ये दिली. त्यांच्याही आधी, १९३९ साली, अमेरिकेत टी. सी. रॅथबोन या अभियंत्याने किती कंपन चांगले आणि किती धोक्याचे हे ठरवणारा तक्ता अनुभवाच्या आधाराने मांडला होता. म्हणजे कंपनावरून यंत्राची नाडी पाहण्याची विद्या काल-परवाची नाही.

नाडी कशी पाहतात? पंप मिनिटाला सुमारे २,९६० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ४९ पेक्षा किंचित अधिक फेरे होतात. तोल गेलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. शाफ्ट वाकडे जोडलेले असतील तर बहुधा एका फेऱ्यात दोन धक्के उमटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ९८.७. कोनाचा दोष असेल तर शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही यंत्र पुढे-मागे हलते, आणि कपलिंगच्या अलीकडची व पलीकडची बाजू परस्परविरुद्ध डोलते. परंतु हे काही गणितातल्या सूत्रासारखे पक्के नाही. काही वेळा दोष असूनही दुसरा धक्का ठळक दिसत नाही. शिवाय आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने मोटारीच्या चुंबकाचा स्वतःचा गुणगुणाट १०० वर असतो. ९८.७ आणि १०० यांतील भेद कळण्यासाठी एक सेकंद ऐकून भागत नाही, कित्येक सेकंद सलग ऐकावे लागते. घाईने ऐकणारा विजेचा आवाज वाकड्या शाफ्टच्या माथी मारील.

येथे मशीन लर्निंग येते. संगणकाला नियम सांगायचे नाहीत, उदाहरणे द्यायची. हे शंभर नमुने निरोगी यंत्राचे, हे शंभर तोल गेलेल्याचे, हे शंभर वाकड्या जोडणीचे. आता यांतील फरक तूच शोध. त्याच्या अनेक पद्धती आहेत. लिओ ब्राइमन या संख्याशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलेली एक पद्धत मला फार आवडली. तीत संगणक प्रश्नोत्तरांची शेकडो लहान झाडे तयार करतो. प्रत्येक झाड आपले मत देते आणि बहुमताने निर्णय होतो. गावच्या पंचांसारखेच हे. फरक इतकाच, की येथे पंच शेकडो असतात आणि कोणी कोणाचा पाहुणा नसतो.

आमच्या विज्ञान शाखेत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे मी हे समजून घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील फेडरल विद्यापीठाने अशा शिक्षणासाठी नमुन्यांचा एक संग्रह सर्वांना खुला केला आहे. त्याचे नाव ‘माफाउल्दा’. प्रयोगशाळेतील एका छोट्या यंत्रात मुद्दाम दोष निर्माण करून त्याची कंपने नोंदवलेली आहेत. एकूण नोंदी १,९५१; प्रत्येक पाच सेकंदांची, आणि दर सेकंदाला ५०,००० आकडे. यंत्राच्या आवाजासाठी एक मायक्रोफोनही तेथे ठेवलेला आहे. तो पाहून मला अण्णांचा स्क्रूड्रायव्हर आठवला. जगभरचे विद्यार्थी या संग्रहावर आपापली पद्धत तपासतात.

पण त्याच संग्रहात दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. पहिली गोष्ट अशी, की १,९५१ नोंदींपैकी निरोगी यंत्राच्या केवळ ४९ आहेत. वाकड्या जोडणीच्या आडव्या १९७ आणि उभ्या ३०१. प्रयोगशाळेत रोगच अधिक, आरोग्य थोडे. कारखान्यात नेमके उलट असते. तेथे यंत्र बहुतेक काळ ठीकच चालते. समजा, हजार वेळा पाहणी केली आणि नऊशे नव्वद वेळा यंत्र ठीक होते, तर डोळे मिटून दर वेळी ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही शंभरांत नव्व्याण्णव गुण मिळतील! म्हणून ‘आमचा संगणक नव्व्याण्णव टक्के अचूक आहे’ असे कोणी म्हणाले, की ‘कोणत्या परीक्षेत?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या संग्रहातील आडवा दोष अर्ध्या मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत आहे आणि उभा दोष ०.५१ पासून १.९० मिलिमीटरपर्यंत. मी हे आकडे अण्णांना वाचून दाखवले. ते हसले. म्हणाले, ‘‘अर्धा मिलिमीटर? एवढं वाकडं ठेवून कुणी पंप चालू केला तर त्याला घरी धाडतील. आमची मारामारी दहा शतांशावर हाय.’’ त्या संग्रहाला मी नावे ठेवत नाही. शिकण्यासाठी ढोबळ उदाहरण लागतेच. आपणही पहिलीत मोठी अक्षरे गिरवतो. परंतु गिरवलेल्या मोठ्या अक्षरांवर पास झालेल्या मुलाला एकदम तलाठ्याचे दप्तर वाचायला बसवले तर काय होईल?

हाच दोष आपल्याही शिक्षणात नाही का? अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून गेलेल्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न आला तर पैकीच्या पैकी, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की पान कोरे. संगणकालाही घोकंपट्टीची खोड असते. एकाच यंत्राच्या एकाच वेळच्या नोंदीचे तुकडे करून काही तुकड्यांवर शिकवायचे आणि उरलेल्या तुकड्यांवर परीक्षा घ्यायची, म्हणजे प्रश्नपत्रिका आधी फोडल्यासारखेच आहे. त्याने कधी न पाहिलेल्या यंत्रावर परीक्षा घ्यावी, तेव्हा खरे गुण कळतात.

आता कारखान्यात जे प्रत्यक्ष घडले ते सांगते. दोन प्रसंग आहेत. पहिल्यात अण्णा हरले, आणि तो प्रसंग लपवला तर माझे मत लबाडीचे ठरेल.

बॉयलरला पाणी देणारे दोन पंप; एक चालू, एक राखीव. चालू पंपावरच्या डबीने मिसअलाइनमेंट असल्याचे कळवले. अण्णांना राग आला. ती जोडणी त्यांच्या हातची होती. राखीव पंप चालू करून हा बंद केला, थंड होऊ दिला आणि त्यांनी डायल लावला. सगळे त्यांच्या नेहमीच्या मापात. पुन्हा चालू केला, तर डबी पुन्हा तेच सांगू लागली. एका तरुण इंजिनिअरने पंप बंद होताच, गरम असतानाच मापे घेतली, तेव्हा पंप सात-आठ शतांश वर उचललेला निघाला. लोखंड तापले की वाढते. पंपात गरम पाणी असल्याने तो मोटारीपेक्षा अधिक वर उचलला जातो, म्हणून थंड असताना मोटार थोडी उंच ठेवतात. अण्णाही ठेवत आले होते. परंतु कारखान्यात नवा बॉयलर आल्यापासून पंपाला येणारे पाणी पूर्वीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक गरम झाले होते, आणि अण्णांचे माप जुन्या बॉयलरचे होते. त्या रात्री घरी आल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरी, डबी खरं बोलली. मी जुनंच माप धरून बसलो हुतो.’’ तीस वर्षांचा अनुभवही जुन्या मापाला धरून बसू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणून ‘डबीला काय कळते?’ म्हणणाऱ्या पक्षात मी नाही.

दुसरा प्रसंग पुढच्या हंगामातला, थंड पाण्याच्या एका मोठ्या पंपाचा. डबीने पुन्हा मिसअलाइनमेंट सांगितले, शक्यता ८१ टक्के. या वेळी डब्यांचा ठेका घेतलेल्या कंपनीचा माणूस आला. त्याने लेसरच्या उपकरणाने उत्तम जोडणी केली. चार दिवसांनी डबी पुन्हा ओरडली. पुन्हा जोडणी, पुन्हा चार-पाच दिवस शांतता, पुन्हा ओरड. असे तीनदा झाले. अण्णा त्या वेळी दुसऱ्या विभागात होते. तिसऱ्या खेपेनंतर त्यांना बोलावले. त्यांनी मोटारीला हात लावला नाही. कपलिंगवर डायल लावून ते पंपाच्या पाइपकडे गेले आणि फ्लॅन्जचे बोल्ट एकेक करून सैल करू लागले. बोल्ट सैल होताच डायलचा काटा धावू लागला आणि पाइप आपोआप बाजूला सरकला. पाइप पंपाला ओढत होता! पाइपखालचा सिमेंटचा ओटा, शेजारच्या गटारीचे पाणी मुरून, खचला होता. ओटा नव्याने बांधला, पाइप सरळ केला, आणि मगच चौथी जोडणी केली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत डबी गप्प होती.

येथे डबी खोटे बोलली का? मुळीच नाही. शाफ्ट वाकडे झाले होते हे खरेच होते. डबीने दुखणे बरोबर सांगितले. दुखण्याचे मूळ तिला ठाऊक नव्हते, कारण ते मूळ मोटारीत नव्हते आणि पंपातही नव्हते. ते दहा फुटांवरच्या ओल्या मातीत होते, आणि मातीवर कोणी डबी बसवलेली नव्हती. तापाचा आकडा सांगणे वेगळे आणि ताप कशाने आला हे सांगणे वेगळे.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. त्या संगणकात प्रत्येक तक्रारीपुढे एक रकाना असतो: दुरुस्तीत काय आढळले? तो इंग्रजीत भरायचा असतो आणि ठेकेदाराचा माणूस तो भरतो. अण्णांनी उत्सुकतेने मला विचारले, ‘‘त्यात काय लिवलंय, बघून सांग.’’ एका ओळखीच्या ऑपरेटरने त्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. चारही वेळच्या नोंदी एकसारख्या होत्या: ‘अलाइनमेंट केले. तक्रार बंद.’ ओट्याचे नाव नाही, पाइपचे नाव नाही, ज्याने मूळ शोधले त्याचे तर नाहीच नाही.

वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. संगणक उदाहरणांवरून शिकतो. पुढे या नोंदींवरून त्याला शिकवले जाईल, तेव्हा तो असे शिकेल की वाकड्या जोडणीवर उपाय म्हणजे पुन्हा जोडणी. तीनदा अपयश आले तरी चौथ्यांदा तोच उपाय लागू पडतो. जे ज्ञान खरोखर सापडले होते ते पानावर उतरलेच नाही, आणि जे पानावर उतरले ते ज्ञान नव्हते. खोटी उत्तरपत्रिका देऊन आपण विद्यार्थ्याला शिकवीत आहोत, आणि वर तो हुशार झाला म्हणून पेढे वाटत आहोत.

मी अण्णांना विचारले, ‘‘तुम्ही त्या माणसाला सांगितलं का नाही?’’ ते म्हणाले, ‘‘मला कुणी इचारलंच न्हाई.’’

माझे मत या एका वाक्यावर उभे आहे. यंत्राला शिकवण्याच्या मी विरुद्ध नाही. अण्णा चोवीस तास पंपाजवळ बसू शकत नाहीत. डबी बसू शकते. रात्री तीन वाजता फिटर पेंगेल. डबी पेंगत नाही. कंपन हळूहळू वाढत असेल तर महिन्यापूर्वीचे आकडे तिला जसेच्या तसे आठवतात. पण शिकणाऱ्याला गुरू लागतो, आणि येथे गुरू आहे तो कपलिंगचे झाकण उघडून पाहणारा माणूस. संगणकासमोरचा प्रत्येक नमुना ‘निरोगी’ की ‘रोगी’ हे शेवटी त्यानेच ठरवलेले असते. ज्याच्या पाहण्यावर सगळी विद्या उभी आहे त्यालाच कोणी विचारत नसेल, तर ती विद्या वाळूवर उभी आहे.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक प्रश्न पडतो. भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन असे उत्पादनाचे चार घटक आम्ही शिकतो. फिटरने सांगितलेले कारण हे यांपैकी काय? बोल्ट सैल केल्याची मजुरी त्याला मिळाली. पण ‘पाइप ओढतो आहे’ हे वाक्य जर संगणकात गेले, आणि त्या वाक्याच्या बळावर ठेकेदार कंपनीने दुसऱ्या दहा कारखान्यांना आपली सेवा विकली, तर ते वाक्य भांडवल झाले. त्याचा धनी कोण? मी हिस्सा मागत नाही. तेवढे ज्ञान मला नाही. पण निदान नाव तरी लिहिले जावे, आणि नोंद करण्यात गेलेला वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा, एवढे मागणे अवास्तव नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘फिटरने सगळे सांगून टाकले तर उद्या त्याचीच गरज उरणार नाही. मग त्याने तोंड मिटून बसलेलेच बरे.’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणू शकत नाही. अण्णांच्या बरोबरीचे काही जण याच कारणाने गप्प राहतात. पूर्वीही आपल्याकडे वैदू औषधाची मुळी कोणाला दाखवत नसे. पण त्याने वैदू वाचला नाही, आणि मुळीही वाचली नाही. अण्णा दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांनी न सांगितलेले सारे त्यांच्याबरोबर कारखान्याच्या फाटकाबाहेर येईल आणि आमच्या ओसरीवर बसून राहील. त्यात कोणाचे भले आहे?

दुसरा आक्षेप असा, की अशिक्षित माणसाचे बोलणे संगणकाला कसे कळणार? हा आक्षेप मला विशेष लागतो, कारण येथेच कला शाखेचे काम सुरू होते. अण्णांची भाषा अशास्त्रीय नाही. पंपाला पाणी कमी पडून आत बुडबुडे फुटू लागले तर ते म्हणतात, ‘वाळू चघळतोय’. बेअरिंग कोरडे पडले तर ‘शीळ घालतोय’. पाया ढिला असेल तर ‘नाचतोय’. आणि जोडणी वाकडी असेल तर ‘कण्हतोय’. प्रत्येक शब्दाला एकेक वेगळा रोग आहे. एकाचा शब्द ते दुसऱ्याला कधीही वापरत नाहीत. हा शब्दकोश नव्हे तर काय? तो मराठीत नोंदवण्याची सोय असती, तर ओट्याची गोष्ट चार शब्दांत हरवली नसती.

मराठीत यंत्र आणि अक्षर यांचे वैर पूर्वी नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर आणि पुढे पंप बनवले. आणि त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले, जे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी वाचकांच्या घरोघरी गेले. ज्या आवारात नांगराचे फाळ तयार होत, त्याच आवारात कथा-निबंधांची मुद्रितेही तपासली जात. ती परंपरा सांगणाऱ्या भाषेत आज दुरुस्तीचा एक रकाना भरता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. कोणतेही मोठे धोरण त्यासाठी लागत नाही. एक, यंत्र उघडल्यावर प्रत्यक्ष काय आढळले आणि कारण काय होते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. दोन, तो रकाना मराठीत लिहिता यावा, लिहिता न येणाऱ्याला बोलून भरता यावा. तीन, ज्याने कारण शोधले त्याचे नाव त्यात असावे. चार, संगणकाची परीक्षा दुसऱ्याच यंत्रावर घ्यावी आणि त्या परीक्षेला कारखान्याचा फिटर परीक्षक म्हणून बसावा. पहिल्या प्रसंगासारखा तो स्वतः चुकला तर तेही लिहावे. गुरूने चूक कबूल केली तर शिष्याचे नुकसान होत नाही.

कारखान्याने हे केव्हा करावे ते करो. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. दर रविवारी दुपारी अण्णा सांगतात आणि मी शंभर पानी वहीत लिहून घेते: कोणता पंप, काय आवाज, काय वाटले, उघडल्यावर काय निघाले, कारण काय. आतापर्यंत एकतीस नोंदी झाल्या आहेत. पहिल्या दिवशी अण्णा संकोचले होते. म्हणाले, ‘‘हे काय लिवण्यासारखं हाय व्हय?’’ आता शनिवारी रात्रीच विचारतात, ‘‘उद्या वही काढणार न्हवं?’’ शेवटच्या नोंदीत फीड पंपाच्या जुन्या मापाची चूक आहे. ती त्यांनी स्वतःहून सांगितली आणि ‘नीट लिव’ असे दोनदा बजावले.

यंदाच्या परीक्षेच्या अर्जात मी ‘वडिलांचा व्यवसाय: फिटर’ असे लिहिले आहे. त्याने जगात काही बदलणार नाही हे मला कळते. परंतु आमच्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले आहेत, ज्यांच्या घरी कोणी गवंडी आहे, कोणी विहिरीचा मोटारवाला, कोणी गुऱ्हाळाचा गुळव्या. त्यांच्या कामातही आज ना उद्या कोणती तरी डबी येईल आणि शिकू लागेल. ती यायच्या आत तुम्ही एक वही घ्या, आणि घरी जाऊन विचारा.